गप्प ईश्वर आणि बोलकी माणसे: 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' तिसऱ्यांदा खेळताना

काल्पनिक जगात घडणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये देव फारच सहज भेटतात. 2011 सालच्या 'स्कायरिम'मध्ये वाटेवरच्या देवळीला हात लावला की अंगातला रोग जातो आणि काही तासांपुरता आशीर्वाद मिळतो. आज एका देवाचा घेतला आणि उद्या दुसऱ्याचा, तरी कोणी रागावत नाही. 2023 सालच्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये पुरोहिताचे पात्र घेतले तर एका यादीतून देव निवडायचा असतो, आणि हे देव खरोखरच आहेत याबद्दल त्या जगात कोणालाही शंका नसते. अशा ठिकाणी श्रद्धा या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. समोर खुर्चीत बसलेल्या तहसीलदारावर कोणी श्रद्धा ठेवत नाही, त्याच्याकडे अर्ज करतात.

कॅनडातील बायोवेअर कंपनीचा 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' हा गेम मला वेगळा वाटतो तो याच कारणासाठी. त्यातला मुख्य धर्म एकेश्वरवादी आहे आणि त्या धर्माचा ईश्वर शंभर तासांच्या खेळात एकदाही बोलत नाही, दिसत नाही, कोणाच्या हाकेला धावून आल्याचे सिद्ध होत नाही. 2009 साली सुरू झालेल्या मालिकेतला हा तिसरा गेम 18 नोव्हेंबर 2014 रोजी उत्तर अमेरिकेत प्रकाशित झाला. भारतीय खेळाडूंच्या वाट्याला मात्र तो सरळ मार्गाने आलाच नाही, कारण स्थानिक कायद्यांचा भंग होऊ नये असे सांगून प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ऐन प्रकाशनाच्या तोंडावर भारतातली विक्री मागे घेतली. तेव्हा चर्चा झाली ती गेममधल्या समलिंगी प्रेमसंबंधांची, धर्माची नव्हे, आणि याचे मला आजही नवल वाटते. मी त्या वेळी शिक्षणासाठी जर्मनीत असल्यामुळे मला तो दुकानातून विकत घेता आला. पहिल्यांदा मी मानवी उमराव म्हणून खेळलो, काही वर्षांनी टोकदार कानांच्या एल्फ जमातीतला म्हणून, आणि यंदाच्या हिवाळ्यात शिंगे असलेल्या कुनारी जमातीचा भाडोत्री सैनिक म्हणून. या लेखात लढाया, शस्त्रे आणि घोडे यांच्याबद्दल मी फार थोडे लिहिणार आहे. कथेतली रहस्ये मात्र उघड करणार आहे, कारण ती झाकून या विषयावर काही बोलताच येणार नाही.

कथा घडते ती थेडस नावाच्या खंडात. तिथल्या बहुसंख्य माणसांची श्रद्धा 'मेकर' या एकाच निर्मात्यावर आहे. त्याने आधी आत्मे निर्माण केले, ते निर्मितीशून्य निघाले म्हणून मग माणूस निर्माण केला, आणि माणसाने त्याला सोडून ड्रॅगनरूपी जुन्या देवांची पूजा सुरू केल्यावर त्याने जगाकडे पाठ फिरवली. पुढे अँड्रास्टे नावाच्या एका स्त्रीने टेव्हिंटर या गुलामांवर उभ्या असलेल्या साम्राज्याविरुद्ध बंड पुकारले. तिच्या गाण्यामुळे मेकर पुन्हा वळला, तिला त्याने वधू मानले, पण तिच्या मर्त्य नवऱ्यानेच दगा देऊन तिला शत्रूच्या हवाली केले आणि मिन्राथस शहरात तिला जिवंत जाळण्यात आले. मेकरने पुन्हा तोंड फिरवले ते आजतागायत. 'चँट ऑफ लाइट' हे स्तोत्र जगाच्या चारही कोपऱ्यांत गायले जाईल तेव्हाच तो परतेल, अशी त्या धर्माची शिकवण आहे. ख्रिस्ती परंपरेची आणि जोन ऑफ आर्कची सावली यावर आहे हे कोणाच्याही लक्षात येईल. तरीही एक बारीक फेर फार हुशारीने केलेला आहे, तो असा की या धर्मातला ईश्वर आजच्या घडीला अनुपस्थित आहे आणि ही अनुपस्थिती हेच त्याच्या धर्मशास्त्राचे पहिले कलम आहे. त्यामुळे मेकर खेळात का दिसत नाही या प्रश्नाचे उत्तर श्रद्धावान आणि नास्तिक दोघांकडेही तयार असते, आणि खेळाडूला दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवता येत नाही.

ईश्वर गप्प असल्यामुळे बोलण्याचे सगळे काम माणसांवर येते, आणि माणसांनी उभारलेल्या संस्थेचे चित्रण हा या गेमचा सर्वांत भरीव भाग आहे. 'चँट्री' या धर्मसंस्थेच्या शिखरावर 'डिव्हाइन' ही पदवी धारण करणारी स्त्री असते. पौरोहित्य स्त्रियांकडेच आहे, कारण अँड्रास्टेशी विश्वासघात पुरुषाने केला. टेव्हिंटरमध्ये हाच धर्म वेगळ्या फांदीने वाढला असून तिथला धर्मप्रमुख पुरुष असतो आणि जादूगारांनाही पुरोहित होता येते. जादूने माणसाची सेवा करावी, त्याच्यावर राज्य करू नये, ही एकच आज्ञा दोन्ही चँट्री प्रमाण मानतात. दक्षिणेत तिचा अर्थ असा लावला गेला की जादूगारांना मनोऱ्यांत कोंडून त्यांच्यावर टेम्पलर सैनिकांचा पहारा बसवावा. उत्तरेत असा, की जादूगारांनी सत्ता चालवली तरी ती लोकांच्या भल्यासाठी चालवली म्हणजे झाले. एका वाक्याच्या दोन वाचनांतून दोन समाजव्यवस्था कशा उभ्या राहतात हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा गेम माझ्या खेळण्यात आलेला नाही.

कालगणनासुद्धा चँट्रीचीच आहे. शंभर वर्षांचे एक युग धरतात आणि प्रत्येक युगाचे नाव चँट्री ठरवते. कथा सुरू होते ती नवव्या म्हणजे ड्रॅगन युगाच्या 41व्या वर्षी, आणि हे वर्ष चँट्रीला शिव्या घालणारे लोकही तसेच म्हणतात. स्तोत्रालाही इतिहास आहे. शार्टन नावाचा एल्फ गुलामांचा पुढारी म्हणून अँड्रास्टेच्या खांद्याला खांदा लावून लढला होता आणि त्याच्यावर स्तोत्राचा एक स्वतंत्र अध्याय होता. एल्फांना त्या लढ्याबद्दल बक्षीस मिळालेला डेल्स हा प्रदेश पुढे चँट्रीने धर्मयुद्ध पुकारून काबीज केला, तेव्हा हा अध्याय प्रमाणग्रंथातून काढून टाकण्यात आला. ही माहिती खेळात कोणी भाषण देऊन सांगत नाही. ती 'कोडेक्स' या विभागात साठत जाणाऱ्या पत्रांतून, प्रवचनांतून, प्रवासवर्णनांतून आणि सरायांत ऐकलेल्या गाण्यांतून तुकड्या-तुकड्याने हाती येते, आणि यातला प्रत्येक कागद कोणीतरी एकाने, स्वतःच्या बाजूने, कधी चुकीच्या समजुतीनेही लिहिलेला असतो. लेखकांनी सर्वज्ञ निवेदक ठेवलाच नाही. एकाच युद्धाबद्दल चँट्रीच्या इतिहासकाराने लिहिलेला मजकूर आणि रानावनांत भटकणाऱ्या डेलिश एल्फांच्या तोंडी परंपरेतला मजकूर शेजारी शेजारी ठेवून खेळाडूला वाऱ्यावर सोडलेले आहे.

खेळाडूचे पात्र या सगळ्यात ओढले जाते ते एका स्फोटामुळे. जादूगार आणि टेम्पलर यांच्यातले युद्ध मिटवण्यासाठी डिव्हाइन जस्टिनिया पाचवी हिने बोलावलेली परिषद उद्ध्वस्त होते, आकाशाला भगदाड पडते आणि त्यातून एकटे आपणच जिवंत बाहेर येतो. आपल्या हातावर एक चमकणारी खूण असते आणि आपल्या पाठीमागे एक तेजस्वी स्त्री दिसल्याचे सैनिक सांगतात. ती अँड्रास्टेच असणार, असा निष्कर्ष लोक काढतात आणि आपल्याला 'अँड्रास्टेचा दूत' म्हणू लागतात. आपण मेकरला मानतो की नाही हे कोणी आधी विचारलेले नसते. पडद्यावर उत्तरांचे पर्याय देणाऱ्या संवादाच्या चक्रातून आपण तसे म्हणू शकतो, नाकारू शकतो, माझे देव वेगळे आहेत असे सांगू शकतो. लोक मान डोलावतात आणि पुन्हा दूतच म्हणतात. कुनारी पात्र घेऊन खेळताना या प्रसंगाला एक कडवट विनोदाची किनार येते, कारण ज्या जमातीची भीती घालून आया मुलांना झोपवतात त्या जमातीच्या राक्षसी देहाच्या इसमापुढे शेतकरी गुडघे टेकतात, आणि चँट्रीच्या वरिष्ठ मंडळींना काय करावे ते सुचत नाही.

याच भागातली एक व्यक्तिरेखा मला पहिल्या खेळात कळलीच नव्हती. चान्सलर रॉडरिक हा चँट्रीचा एक कारकुनी वृत्तीचा अधिकारी सुरुवातीपासून आपल्या अटकेची मागणी करत असतो. आरडाओरडा करणारा, नियमांवर बोट ठेवणारा, खेळाडूला हटकून राग आणणारा माणूस. हेवन या गावावर कोरिफियस हा मुख्य शत्रू चालून येतो आणि सगळे घेरले जातात, तेव्हा पोटात वार लागलेला हाच रॉडरिक सांगतो की डोंगरातून बाहेर पडायला एक वाट आहे आणि ती त्याला माहीत आहे, कारण त्याने उन्हाळ्यातली यात्रा पायी केलेली आहे. सेनापतीला, हेरांच्या प्रमुखाला, जगातल्या सर्वांत बलवान जादूगाराला जी वाट ठाऊक नव्हती ती एका वारकऱ्याला ठाऊक होती. धर्म म्हणजे नुसते सिद्धान्त नसतात, पाय आणि वाटाही असतात, हे या गेमला कळल्याची खूण मला तरी या एकाच ठिकाणी ठसठशीत दिसली.

त्यानंतर बर्फातून निसटलेल्या लोकांच्या छावणीत नेत्यांची भांडणे चालू असताना मदर जिझेल ही वृद्ध धर्मभगिनी एक स्तोत्र गाऊ लागते, हळूहळू सगळी छावणी तिच्या सुरात सूर मिसळते आणि लोक आपल्यापुढे गुडघे टेकतात. अनेकांना हा प्रसंग भाबडा वाटला. मला तो पटतो, कारण त्याच्या जरा आधी जिझेलने जे सांगितलेले असते ते धर्मसंस्था कशा जन्मतात याचे अचूक वर्णन आहे: आपला रक्षक उभा राहिलेला लोकांनी पाहिला, पडलेला पाहिला आणि आता परतलेलाही पाहिला, तेव्हा शत्रू जितका मोठा तितका हा चमत्कार मोठा. आणि गाणे संपताच सोलस हा सहकारी आपल्याला बाजूला नेऊन सांगतो की शत्रूच्या हातातला गोल एल्फांच्या प्राचीन जादूचा आहे, अँड्रास्टेचा या सगळ्याशी काही संबंध नाही. एक धर्म जन्मत असतानाच त्याच्या पायाखालची वीट सरकवण्याचे हे धाडस मोठे आहे. पुढे फेड या आत्म्यांच्या प्रदेशात आपल्याला उरलेले उत्तरही मिळते: ती तेजस्वी स्त्री अँड्रास्टे नव्हे, जस्टिनिया होती. श्रद्धावानांची श्रद्धा त्यामुळे कोसळत नाही. मदत माणसाच्या हातून आली म्हणून ती मेकरने पाठवलेली नव्हती असे थोडेच ठरते, हा त्यांचा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटतो.

गेमच्या नावाबद्दल इथे बोलणे भाग आहे. माझे आजोळ गोव्यातले, बार्देशातले, आणि तिथे 'इन्क्विझिशन' हा शब्द पराक्रमाच्या गोष्टीचे नाव म्हणून कोणी वापरणार नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात 1560 साली सुरू केलेले आणि मधल्या थोड्या काळाचा खंड वगळता 1812पर्यंत चाललेले ते न्यायपीठ नवख्रिस्ती लोकांच्या घरात कोणते कपडे, कोणते जेवण आणि कोणती गाणी चालतात याची चौकशी करत असे. थेडसच्या इतिहासातही पहिले इन्क्विझिशन हे भयंकर होते, त्यातूनच पुढे टेम्पलर आणि सीकर या सशस्त्र संघटना निघाल्या, एवढे कोडेक्समध्ये नोंदलेले आहे. पण खेळाडू ज्या संघटनेचा प्रमुख होतो ते नवे इन्क्विझिशन कोणाच्याही घरात शिरत नाही, कोणाला धर्म बदलायला लावत नाही, किंबहुना कोणाच्या श्रद्धेची चौकशीच करत नाही. सिंहासनावर बसून आपण न्यायनिवाडे करतो, पण पाखंडाचा खटला म्हणून एकही उभा राहत नाही. उलट किल्ल्याच्या भिंतीवर बकरे फेकून निषेध नोंदवणाऱ्या एका डोंगरी सरदाराचा खटला येतो आणि तो हसवून जातो. इतके जड नाव घेऊन त्याचे ओझे टाळणे मला लेखकांचे कच्चेपण वाटते. सत्ता हातात आल्यावर धर्माच्या नावाने जुलूम करण्याचा मोह खेळाडूपुढे खरोखर ठेवला असता, तर हा गेम कितीतरी धारदार झाला असता.

बहुधर्मीयतेकडे वळताना प्रथम कुनारींच्या 'कुन'चा उल्लेख केला पाहिजे, कारण तिथे लेखकांना साधले आहे. कुनमध्ये देवच नाहीत. प्रत्येकाची भूमिका ठरलेली, भूमिका हेच नाव, आणि आपापली भूमिका पार पाडणे हाच सदाचार. हे तत्त्वज्ञान सांगायला प्रवचनकार न नेमता आयर्न बुल हा खुशालचेंडू, दारुडा, प्रेमळ हेर नेमलेला आहे. एका मोहिमेत त्याच्या तुकडीतले जिवलग सोबती आणि कुनारींचे लढाऊ जहाज यांपैकी एकच वाचवता येते आणि निर्णय आपल्याला घ्यावा लागतो. जहाज वाचवले तर तो कुनमध्ये राहतो, आपल्यासोबत हसतखेळत लढत राहतो, आणि 'ट्रेसपासर' या 2015च्या विस्तारभागात वेळ येताच शांतपणे आपल्यावर शस्त्र उगारतो. त्यात द्वेष नसतो, कर्तव्य असते. मी पहिल्या खेळात जहाज वाचवले होते. तो प्रसंग आल्यावर मी बराच वेळ पडद्याकडे नुसता पाहत बसलो होतो, आणि परक्या माणसाची श्रद्धा म्हणजे नेमके काय याची इतकी थेट जाणीव मला गेमने क्वचितच दिली आहे.

इतर धर्मांच्या बाबतीत मात्र माझी मोठी तक्रार आहे. संवादाचे चक्र खेळाडूला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारते: तू मानतोस का? कसांड्रा ही सहकारी विचारते, जिझेल सुचवते, गावकरी अपेक्षा करतात. हा प्रश्न चँट्रीच्या तोंडी शोभतो, कारण ती विश्वासाच्या कबुलीवर उभी असलेली संस्था आहे. पण डेलिश एल्फ होऊन खेळतानाही माझ्या धर्माबद्दल मला एवढेच करता येते की मिथाल आणि एल्गरनान या एल्फांच्या देवांना मी मानतो असे म्हणावे किंवा म्हणू नये. माझ्या आजीने आयुष्यात कधी कोणाला देव मानतोस का असे विचारले नाही. आंघोळ झाली का, दिवा लावला का, नैवेद्य दाखवण्याआधी तोंडात काही घातले नाहीस ना, असे ती विचारत असे. एल्फांच्या चेहऱ्यावर देवांच्या नावाने गोंदण आहे, पण सण नाही, उपास नाही, नवस नाही, काही पाळण्याचे किंवा मोडण्याचे बंधन नाही. स्कायहोल्ड किल्ल्याच्या आवारात चँट्रीची बाग करावी की वनौषधींची हा एक पर्याय मिळतो, आणि वनौषधींच्या बागेत लागवडीच्या जागा वाढत असल्यामुळे धार्मिक खेळाडूसुद्धा बहुधा तीच निवडतो. धर्माची किंमत मोजावी लागेल असे नियम खेळात नसतील, तर तो धर्म संवादापुरताच उरतो.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे आणि ती तिसऱ्या खेळात माझ्या पुरती लक्षात आली. या गेममध्ये आणि त्याच्या विस्तारभागांत एकेका जमातीच्या दैवतांचे मूळ उकलून दाखवले जाते. एल्फांचे देव हे देव नव्हते, अमर्याद शक्ती मिळवलेले जादूगार होते. युद्धात ते सेनापती झाले, मग राजे, मग देव, आणि ज्या गोंदणाला डेलिश आपला अभिमान मानतात ती एके काळी गुलामीची निशाणी होती. हे सांगणारा सोलस स्वतःच फेनहारेल, एल्फांच्या पुराणातला दगाबाज लांडगा-देव, निघतो. खुजे लोक ज्या पाषाणाला माता मानतात तिच्या पोटात टायटन नावाचे प्रचंड जीव राहतात, असे 'द डिसेंट'मध्ये दिसते. डोंगरी अव्हारांचे देव म्हणजे फेडमधले आत्मे, असे 'जॉज ऑफ हाकन'मध्ये कळते. मालिकेतल्या पुढच्या, 2024 सालच्या 'द व्हेलगार्ड' या गेममध्ये तर एल्फांचे दोन देव थेट खलनायक म्हणून परततात. एक मेकर तेवढा या झडतीतून सुटतो. कोरिफियस हा शत्रू म्हणतो खरे की तो देहानिशी स्वर्गनगरीत गेला आणि तिथले सिंहासन त्याला रिकामे दिसले. पण सिंहासनाचा धनी निघून गेला आहे असेच तर चँट्रीही सांगते, त्यामुळे हा पुरावा दोन्ही बाजूंनी लागू पडतो.

लेखकांचा हेतू तसा नसेल, तरी परिणाम असा झाला आहे की पराभूतांच्या आणि डोंगराळ लोकांच्या श्रद्धांना खुलासा मिळतो आणि विजेत्यांच्या श्रद्धेला गूढ मिळते. मूर्ती फोडून आत काहीच नाही असे दाखवणाऱ्या धर्मप्रचारकाची ही जुनीच पद्धत आहे, फक्त इथे हातोडा खेळाच्या रचनेच्या हाती आहे. सेरा ही शहरी एल्फ सहकारी मिथालच्या मंदिरातून बाहेर पडल्यावर जी चिडचिड करते ती याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. ती मानवांमध्ये वाढलेली, आपल्या पद्धतीने मेकरला मानणारी मुलगी आहे, आणि एल्फांचे ते सगळे राक्षसी थोतांड होते एवढे तुम्ही कबूल करावे असा तिचा हट्ट असतो. एल्फ नायिकेने ते नाकारले तर त्या दोघींचे प्रेम तिथेच संपू शकते. सेराची भीती लेखकांनी सहानुभूतीने रंगवली आहे, पण नंतरच्या सगळ्या उलगड्यांनी ते तिच्याच पारड्यात वजन टाकत जातात.

अपवाद दोन आहेत आणि दोन्ही 'जॉज ऑफ हाकन'मध्ये सापडतात. पहिला अव्हारांचा. आपले देव म्हणजे आत्मे आहेत असे कोणी सांगितले तर या लोकांना त्याचे काही वाटत नाही, कारण ते त्यांना आधीपासून ठाऊक असते. आत्म्यांकडून ते मंत्रविद्या शिकतात, शिकून झाल्यावर त्यांना निरोप देतात, आणि देव मेला तरी तो काळाने परत जन्मेल असे मानतात. मेलेल्यांचे देह आकाशदेवीसाठी पक्ष्यांच्या स्वाधीन करणारे हे लोक पाहून मुंबईकराला मलबार हिलवरची डुंगरवाडी आठवल्याशिवाय राहणार नाही. उलगडा झाल्यावरही टिकणारा धर्म कसा असतो हे लेखकांना दाखवता येते, याचा हा पुरावा आहे, आणि म्हणूनच एल्फांच्या वाट्याला ते का आले नाही हा प्रश्न जास्त बोचतो.

दुसरा अपवाद अमेरिडनचा. चँट्रीच्या इतिहासातला शेवटचा इन्क्विझिटर म्हणजे जुन्या इन्क्विझिशनचा प्रमुख, सम्राट ड्रेकनचा मित्र, धर्माचा आदर्श रक्षक. आठशे वर्षांनी तो प्रत्यक्ष सापडतो तेव्हा कळते की तो एल्फ होता, जादूगार होता, आणि मेकरची व एल्फांच्या देवांची अशी दोन्हीकडची भक्ती तो एकाच वेळी करत असे. ऑर्ले देशाच्या विद्यापीठातून आलेला प्राध्यापक केनरिक हे ऐकून चक्रावून जातो, कारण त्याने वाचलेल्या कोणत्याच ग्रंथात यातले काहीच नसते. अमेरिडनला स्वतःला मात्र यात विसंगती वाटत नाही. त्याच्या काळात ते चालत असे. मला हा सबंध गेममधला सर्वांत खरा क्षण वाटतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात, आणि यात कोणी कोणाचे देवत्व तपासून पाहत नाही. ज्या भूमीवर अडीचशे वर्षे इन्क्विझिशन चालले त्याच भूमीवर ही बहिणींची गोष्ट टिकून राहिली. थेडसमध्ये असे बहिणींचे नाते शोधू गेले तर अमेरिडनच्या एका आठवणीवर आणि रिव्हेन देशाबद्दलच्या काही कोडेक्स नोंदींवर समाधान मानावे लागते. एरवी इथले धर्म नकाशावरच्या राज्यांसारखे आखीव सीमांत राहतात.

नव्या डिव्हाइनची निवड हा कथेतला शेवटचा मोठा धार्मिक प्रश्न, आणि तो चांगला हाताळला आहे. कसांड्रा, लेलियाना आणि व्हिव्हियन या आपल्याच तिघी साथीदारांपैकी कोण गादीवर बसणार हे मतपेटीतून ठरत नाही, खेळभर घेतलेल्या आपल्या लहानमोठ्या निर्णयांतून ते घडत जाते. लेलियाना पौरोहित्य सर्व वंशांना खुले करते, व्हिव्हियन स्वतः जादूगार असूनही जादूगारांचे मनोरे पुन्हा उभे करते, कसांड्रा जुनी घडी सुधारून बसवू पाहते. धर्मसुधारणा ही साक्षात्कारातून कमी आणि नेमणुकांतून जास्त होते, हे इथे विनासायास कळते. चँट्रीबद्दल लिहिताना या लेखकांचा हात कधी चुकत नाही. तो चुकतो चँट्रीच्या खिडकीतून बाहेर पाहताना.

बाकी गोष्टी थोडक्यात. हिंटरलँड्स हा सुरुवातीचा प्रदेश फाजील मोठा आहे आणि तिथली किरकोळ कामे पूर्ण करत बसणाऱ्याचा उत्साह कथा सुरू होण्याआधीच संपतो. दहाएक तासांत तिथून निघावे. युद्धपटलावरच्या काही मोहिमांना घड्याळातले खरेखुरे तास लागतात, याचा कंटाळा येतो. ट्रेव्हर मॉरिस यांचे संगीत उत्तम आहे. पात्रांमधले चालता चालता होणारे संवाद अजूनही या प्रकारातल्या गेममध्ये वरच्या दर्जाचे ठरतात, विशेषतः टेव्हिंटरचा डोरियन आणि बुल यांची शाब्दिक चकमक सुरू झाली की घोड्यावर न बसता पायी चालावेसे वाटते.

विकत घेणार असाल तर तिन्ही विस्तारभाग असलेली 'गेम ऑफ द इयर' आवृत्तीच घ्यावी, कारण धर्माविषयीचा निम्मा महत्त्वाचा मजकूर त्या भागांत आहे. पात्र शक्यतो कुनारी किंवा एल्फ घ्यावे. मानवी उमरावाचे घराणे मुळातच चँट्रीशी बांधलेले असल्यामुळे दूतपदाचा सगळा विसंवाद त्याच्या बाबतीत बोथट होतो. 'जॉज ऑफ हाकन' मुख्य कथा संपण्याआधी खेळावा, म्हणजे अमेरिडनला भेटून आल्यावर गुडघे टेकणाऱ्या गर्दीकडे निराळ्या नजरेने पाहता येते. 'ट्रेसपासर' सर्वांत शेवटी ठेवावा, कारण तो सुरू केल्यावर मूळ जगात परत येता येत नाही, आणि स्कायहोल्डच्या बागेतली रोपे खुडायची राहिली असतील तर ती तशीच राहतात.